फानहून आलेला तांदूळ

१

इनता यांनी कापडी पिशवीत हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि थाईमध्ये एकच वाक्य म्हटलं. आवाज जराही चढवला नाही. पण त्यांच्या लेकीचा, फायचा, चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा म्हणतात..." मराठी जुळवायला फायला क्षणभर लागला. "हा तांदूळ माझा नाही."

शारजात अल मजाजच्या त्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावरच्या खांबेट्यांच्या हॉलमध्ये, सकाळपासून लग्नघराचा कलकलाट चालला होता. तो जागच्या जागी थांबला. गुरुवार होता. शनिवारी शार्दूल खांबेटे आणि फाय यांचं लग्न. अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये शार्दूलचा खांदा निखळला आणि नंतरच्या व्यायामांसाठी अजमानच्या ज्या दवाखान्यात तो जायचा तिथे फाय फिजिओथेरपिस्ट होती. खांदा दोन महिन्यांत बरा झाला, तरी शार्दूल वर्षभर जातच राहिला आणि फाय मराठी शिकली. अशी ती गोष्ट.

फायचे आईवडील, इनता आणि सोमसी, मंगळवारी थायलंडहून आले होते. उत्तरेकडे डोंगरांच्या पायथ्याशी फान नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे, तिथून. लेकीसाठी त्यांनी दागिना आणला नव्हता. आणला होता दोन किलो तांदूळ, स्वतःच्या खाचरातला, नोव्हेंबरात कापलेला.

तेराव्या मजल्यावरच्या विभावरी टिपणीसला शार्दूलनं मुद्दाम तो तांदूळ बघायला वर बोलावलं होतं. कारण विभावरीनं सव्वीस वर्षं अजमानमधल्या एका तांदूळ आयात करणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, ती दाण्यावरून शेताची करायची.

"बघू," म्हणत तिनं चार दाणे तळहातावर घेतले आणि खिडकीपाशी गेली. दाणे खडूसारखे पांढरे होते, म्हणजे जात चिकट तांदळाचीच. पण सगळे एका मापाचे, गुळगुळीत. एक तुकडा नाही, कोंड्याचा कण नाही.

"यांच्याकडे तांदूळ कुठे सडतात?" तिनं विचारलं.

"गावात लहान मिल आहे," फाय म्हणाली. "खूप तुकडा होतो."

"हा मोठ्या कारखान्यात पॉलिश झालाय. शिवाय जुना आहे, निदान वर्षाचा. तुझे बाबा बरोबर आहेत. कुणीतरी तांदूळ बदललाय."

"तांदूळ कोण चोरेल हो?" शार्दूलचे मोठे काका, पुण्याहून आलेले उपेंद्र, म्हणाले. "तोही चिकट! ज्याचं शीत न् शीत मोकळं नाही तो कसला भात?"

कुणी हसलं नाही. इनता हलकेच बोलत होते आणि फाय डोळे पुसत सांगत होती. त्यांच्याकडे लग्नात वडील मुलीचा जीव हाक मारून बोलावतात. मुलीनं घर बदललं की जीव मागे शेतात घुटमळतो म्हणे. मग हातात घरच्या भाताचा मुटका ठेवायचा, मनगटाला पांढरं सूत बांधायचं आणि म्हणायचं, ये, आता हे तुझं घर. "दुकानाच्या भातावर जीव येणार नाही. बाबा म्हणतात, लग्न करा. मी पाहुणा म्हणून बसेन. हाक मारणार नाही."

मग त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं. ते मात्र फाय सांगेना. शार्दूलनं दोनदा विचारल्यावर ती म्हणाली, "ते विचारतात, या घराला आमच्या तांदळाची लाज वाटली का?"

स्वयंपाकघराच्या दारात शार्दूलची आई, हेमा, उभी होती. चहाचा ट्रे तसाच घेऊन ती आत वळली.

"उद्या संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या," विभावरी म्हणाली. "तांदूळ कुठे गेला ते मी सांगते."

२

पिशवी मंगळवारपासून स्वयंपाकघरातल्या फडताळात होती. बुधवारी सकाळी दहाला शार्दूल आणि त्याचे वडील शैलेंद्र पाहुण्यांना घेऊन दुबई दाखवायला गेले, ते संध्याकाळी सातला परतले. काय व्हायचं ते त्याच वेळात झालं होतं.

विभावरी आधी खाली बाबाजीकडे गेली. बाबाजी त्या बिल्डिंगचा वॉचमन, बारा वर्षं एकाच खुर्चीत.

"बाबाजी, बुधवारी चौदाव्या मजल्यावरून कोणी जड पिशवी घेऊन बाहेर गेलं?"

"जी मॅडम. वो पूनावाले बडे साब. बारा बजे. बॅग इतना भारी, कि एक कंधा नीचे."

उपेंद्र! या लग्नाला पहिल्या दिवसापासून नाक मुरडणारे. शारजात उतरल्यापासून पाण्याच्या बाटलीच्या दिरहमांनाही रुपयांसाठी तेवीसनं गुणून "बाप रे!" म्हणणारे. विभावरी वर आली तेव्हा ते बाल्कनीत पेपर वाचत होते.

"दादा, काल बॅगेत काय होतं?"

पेपर खाली आला नाही. "माझं सामान."

"कुठे नेलं?"

"ते शनिवारी कळेल." आता पेपर खाली आला. "विभावरीबाई, मी तोंडानं फटकळ आहे, कबूल. पण पाहुण्याच्या अन्नाला हात लावीन असं वाटतं तुम्हाला? त्या केटररला विचारा. परवा तोच फडताळं उघडून बघत होता."

केटरर लियाकत लग्नाच्या जेवणाचा मेन्यू पक्का करायला नेमका तेव्हाच आला होता. त्याला विचारायची गरजच पडली नाही. त्यानं ते ऐकलं होतं.

"वल्ला, अठरा साल से शादियाँ कर रहा हूँ!" त्याच्या मिशा थरथरत होत्या. "मैं चावल चुराऊँगा? दो किलो? खलास! आप दूसरा आदमी देख लीजिए."

"नाही नाही, लियाकतभाई!" हेमा स्वयंपाकघरातून धावत आली. "आप ने कुछ नहीं किया. मुझे पता है." तिचा आवाज इतका रडवेला होता की लियाकत चपापला आणि खाली बसला.

ते "मुझे पता है" विभावरीच्या कानात अडकलं. विश्वास असेल तर माणूस म्हणतो, मला खात्री आहे. हेमा म्हणाली, मला माहीत आहे.

तरीही हेमावर संशय घ्यायला तिचं मन धजेना. लग्न ठरल्यापासून ही बाई फोनवर थाई शब्द पाठ करत होती. सोमसींसाठी तिनं पैठणी आणली होती, इनतांसाठी पुणेरी पगडी.

दुपारी लिफ्टमध्ये अन्वरी भेटली. दोन्ही घरी भांडी घासायला तीच यायची.

"बाजी, एक बात बताऊँ? हेमाबाजी के यहाँ दो दिन से कुकर नहीं निकला. पतीले में दाल बन रही है. शादी का घर, और कुकर नहीं!"

विभावरीनं वर जाऊन सहज विचारलं, "हेमा, तुझा मोठा कुकर दे ना दोन तास."

"तो... रिपेअरला दिलाय," हेमा म्हणाली आणि कोथिंबिरीची जुडी धुवायला वळली. ती जुडी आधीच धुतलेली होती.

विभावरी जिना उतरताना थांबली. सव्वीस वर्षांत तिनं शारजात कुणाला कुकर रिपेअर करून घेताना पाहिलं नव्हतं. इथे कुकर बिघडला की नवा येतो.

पण तांदूळ बदलणं आणि कुकर लपवणं, यांची सांगड कशी घालायची?

३

शुक्रवारी सकाळी इनता बाल्कनीत एकटेच खालिद लगूनकडे बघत बसले होते. विभावरी फायला घेऊन त्यांच्याशेजारी बसली. तिनं चोरीबद्दल एक शब्द काढला नाही.

"तुमचं गाव कसं आहे?"

इनतांनी तिच्याकडे पाहिलं. मग बोलायला लागले, आधी अडखळत, नंतर हातवारे करत.

फान म्हणजे देवापुढे ठेवायचं उंच पायाचं तबक. गावही तसंच, सपाट आणि भरलेलं. पश्चिमेला डोंगर, मधून हायवे, दोन्ही बाजूंना नजर पुरेल तिथवर भातखाचरं आणि माशांची तळी. थंडीत इतकं धुकं पडतं की शेजारी खाकरला की कळतं तो बांधावर आलाय. सुगंधी लांब तांदूळ ते विकण्यासाठी लावतात. चिकट तांदूळ घरच्यांसाठी. "बाबा म्हणतात, विकायचा तांदूळ ट्रक ओळखतो. खायचा तांदूळ पोरं ओळखतात."

"आणि शिजवता कसा?"

"शिजवत नाहीत!" इनता हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. रात्रभर भिजवायचा, सकाळी बांबूच्या टोपलीत घालून वाफेवर ठेवायचा. पाण्यात उकळला की संपलं. "आमच्या गावात नवी सून चुकून भात उकळते ना, तर सासू म्हणते, जा, आता देवळाच्या पताका चिकटव. कारण त्याची खळ होते. अशी खळ, की फाडला तर कागद फाटतो, जोड सुटत नाही."

आत सोफ्यावर बसलेल्या सोमसी हे ऐकून झटकन उठल्या आणि खोलीत निघून गेल्या. विभावरीनं ते पाहिलं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर लटकत होती.

हॉलच्या छताला दोरीवर पताका होत्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या, कातरलेल्या कागदाच्या लांबच लांब पताका. सोमसींनी कातरायला शिकवल्या होत्या आणि शार्दूलची धाकटी बहीण रिद्धी हिनं चिकटवल्या होत्या. एसीच्या वाऱ्यावर दोन दिवस फडफडूनही एकही सुटली नव्हती.

"रिद्धी! या कशानं चिकटवल्यास?"

रिद्धी इथेच जन्मली, इथेच कॉलेजात. तिनं फोनवरून मान वर न करता उत्तर दिलं. "सम होममेड ग्लू, काकू. आई गेव्ह मी अ होल पातेलं. शी सेड इट्स मैदा."

"कधी दिलं?"

"वेन्झडे. लाइक, दोन वाजता? माय क्लास गॉट ओव्हर अ‍ॅट वन."

विभावरीनं खुर्चीवर चढून एक पताका काढली. मग घाईघाईनं आपल्या घरी गेली आणि औषधांच्या डब्यातून आयोडीनची बाटली काढली.

४

लॅबमधली ही सगळ्यात जुनी परीक्षा. पिठावर आयोडीनचा थेंब टाकला की ते निळंकाळं होतं. गहू असो, बटाटा असो, साधा तांदूळ असो, निळंकाळंच. फक्त चिकट तांदूळ वेगळा. तो तांबूस तपकिरी होतो.

तिनं एका बशीत चिमूटभर मैदा कालवला. दुसऱ्या बशीत पताकेचा जोड पाण्यात भिजवून त्यावरची खळ खरवडली. दोन्हींवर एकेक थेंब टाकला.

मैदा शाईसारखा निळा झाला. खळ विटेसारखी तांबडी.

विभावरी खाली गेली. "बाबाजी, मी तुम्हाला विचारलं होतं, जड पिशवी घेऊन बाहेर कोण गेलं. आता सांगा, बुधवारी जड पिशवी घेऊन आत कोण आलं?"

"हेमामॅडम," बाबाजी निवांतपणे म्हणाला. "पाँच बजे, टॅक्सी से. आप ने जानेवाले का पूछा था, आनेवाले का नहीं."

हेमा तिला बेडरूममध्ये सापडली, रुखवताच्या पसाऱ्यात. विभावरीनं दार लावलं आणि दोन्ही बश्या आणि ती पताका तिच्यापुढे ठेवली. हेमा विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हती, पण तिला एका नजरेत कळलं. ती पलंगावर बसली.

"तुला कधी कळलं?"

"काल अर्धं कळलं होतं. ज्याला यांचा अपमान करायचा असता, त्यानं पिशवीत बासमती भरला असता, नाहीतर पिशवीच फेकली असती. पण चोरानं शोधून शोधून चिकट तांदूळच आणून भरला. म्हणजे त्याला कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. उलट मन दुखावेल म्हणून त्याची गाळण उडाली होती. आणि खळ दोन वाजता तयार होती, तू टॅक्सीनं आलीस पाचला. म्हणजे खळ झाली ती त्यांच्याच तांदळाची."

हेमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "विभा, मला वाटलं, ते दुबईहून दमून येतील, तर ताटात त्यांच्याच शेतातला भात वाढावा. माझ्या हातचा. तीस वर्षं भात करतेय मी! अर्धा किलो लावला, तीन शिट्ट्या. उघडते तर गोळा. म्हटलं पाणी जास्त झालं. दुसऱ्यांदा कमी घातलं, तर खाली करपला, वर गोळा. तिसऱ्यांदा तूप घातलं." तिला हुंदका आला. "तो तर कुकरमधून निघेचना. पहिले दोन गोळे पाण्यात घोटून मैद्याची खळ म्हणून रिद्धीला दिले. मग दुबईतल्या थाई दुकानात गेले. वाटलं, तांदूळ तो तांदूळ, कुणाला कळतंय."

"आणि कुकर?"

हेमानं पलंगाखाली बोट दाखवलं. विभावरीनं वाकून तो ओढला. झाकण उघडलं. आतला गोळा सिमेंटसारखा बसला होता, आणि त्यात कालथा उभाच्या उभा रुतून होता.

विभावरीनं ओठ दाबून धरले. पण तो ताठ उभा कालथा! ती जी हसायला लागली ती थांबेचना, आणि रडता रडता हेमाही हसायला लागली.

"सगळा संपला का गं?" शेवटी विभावरीनं विचारलं.

"नाही." हेमानं कपाटातून, साड्यांच्या मागून, एक स्टीलचा डबा काढला. "जेमतेम अर्धा किलो असेल. त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही."

विभावरीनं दाणे हातावर घेतले. तुटके, कोंडा लागलेले, नव्या तांदळाचा गोड वास असलेले.

"चल. हे मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

५

संध्याकाळी पाचला सगळे हॉलमध्ये जमले. लियाकतलाही मुद्दाम बोलावलं होतं. विभावरीनं एवढंच सांगितलं, की पिशवी कुणी चोरली नाही, लाज तर कुणाला वाटलीच नाही. मग ती बाजूला झाली.

हेमा कुकर घेऊन उभी राहिली. नवऱ्याकडे, दिराकडे बघितलं नाही, फक्त इनतांकडे बघून सगळं सांगितलं. तीन शिट्ट्या, करप, तूप, टॅक्सी. फाय शब्दन् शब्द थाईत सांगत होती, आणि तुपापर्यंत आल्यावर तिला पुढे बोलवेना, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

इनतांनी हात पुढे केला. कुकर घेतला, मांडीवर ठेवला, आत वाकून बघितलं. कालथा हलवून पाहिला. हलला नाही. कुकरच हलला.

इनता बायकोकडे वळले आणि काहीतरी म्हणाले. सोमसींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मग तो बारीक चणीचा, दोन दिवस दगडासारखा बसलेला माणूस पोट धरून हसायला लागला. डोळे पुसतोय आणि हसतोय.

"काय म्हणाले?" शार्दूल ओरडला.

फायला बोलता येईना. "आई फानची नाही," ती कशीबशी म्हणाली. "बँकॉकजवळची. तिकडे तुमच्यासारखाच भात खातात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आईनं आजीचा तांदूळ उकळला. अख्खं मडकं! आजीनं तिला देवळात पाठवलं, पताका चिकटवायला. मला हे आत्ता कळलं. मी अठ्ठावीस वर्षांची आहे!"

सोमसी उठल्या, हेमाजवळ आल्या आणि तिला मिठीत घेतलं. एका उंचीच्या दोघी, एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि दोघी एकाच गोष्टीवर खांदे हलवत हसत होत्या. लियाकत मान डोलवत होता. "सुब्हानल्ला! अठरा साल में ऐसी चोरी नहीं देखी."

"लियाकतभाई," उपेंद्र खाकरले, "काल मी भलतंच बोललो. माफ करा."

"छोडिए साब. शनिवार को डबल खाइए, बस."

उरलेला तांदूळ इनतांनी स्वतः भिजत घातला. टोपली मात्र नव्हती. तेव्हा विभावरीनं हेमाच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून गणपतीत निघणारं मोदकपात्र काढलं. इनतांनी त्याची जाळी उजेडात धरली, झाकण उघडझाप केलं आणि फायला काहीतरी विचारलं.

"विचारतात, तुमच्याकडे एवढं चांगलं भांडं असताना कुकरात कशाला गेलात?"

शनिवारी सकाळी सातला, लग्नाच्या हॉलवर निघण्याआधी, भात वाफेवरून उतरला. घरभर ताज्या शेताचा वास पसरला. उपेंद्रांनी कोपऱ्यात दोन पितळी समया लावल्या. पुण्याहून सुनेसाठी आणलेल्या, बुधवारी पॉलिशला नेलेल्या त्याच. विभावरीनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते वाती सारण्यात फार गुंतले होते.

फाय आणि शार्दूल सतरंजीवर बसले. इनतांनी भाताचा मुटका लेकीच्या तळहातावर ठेवला, पांढरं सूत हातात घेतलं आणि डोळे मिटून हाक मारायला सुरुवात केली. ते अर्धं गाणं होतं, अर्धं बोलणं. सोमसी थांबत थांबत इंग्रजीत सांगत होत्या आणि रिद्धी, जिला कुणी कधी दोन वाक्यं सलग मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं, ती हळू आवाजात ते मराठीत आणत होती.

"ये गं जिवा. धुक्यात असशील तर ये. बांधावर बसली असशील तर ऊठ. तळ्यातल्या माशांशी खेळत असशील तर त्यांना सांग, मी निघाले. डोंगर ओलांड, समुद्र ओलांड. वाळूला घाबरू नकोस. उंच घर आहे, लिफ्ट आहे. दार उघडं आहे. इथे एक आई आहे, तिनं तुझ्यासाठी तीनदा भात लावला."

शेवटचं वाक्य रिद्धीनं आईकडे बघत म्हटलं. फायचे गाल ओले झाले होते. शार्दूलचेही. इनतांनी लेकीच्या मनगटाला सूत बांधलं, मग जावयाच्या. मग एक धागा घेऊन ते उठले आणि हेमासमोर येऊन बसले. तिच्या मनगटाला गाठ मारली, मोदकपात्रातून एक घास काढला, बोटांनी मळून गोल केला आणि तिच्या हातावर ठेवला.

हेमानं तो तोंडात घातला. खूप वेळ चावत राहिली.

"गोड आहे," ती म्हणाली. "फाय, बाबांना विचार, किती तास भिजवायचा, किती वेळ वाफवायचा. मी लिहून घेते."

इनतांनी ऐकलं, मान हलवली आणि बरंच काही बोलले.

"म्हणतात, लिहून येत नाही. नोव्हेंबरात फानला या. आधी तुम्ही भात कापायचा, मग झोडायचा, मग ते शिकवणार."

हेमानं घास गिळला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, नोव्हेंबरची लीव्ह टाका. आत्ताच्या आत्ता. यल्ला, फोन काढा."